राष्ट्रपतींचा दिवस कोण आखतो आणि त्यातला किती भाग आपल्याला दिसतो?

फोंड्याच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, राष्ट्रपती गोव्यात आल्या की दीक्षान्त समारंभ आणि नागरी सत्कार एवढ्याच बातम्या येतात, राष्ट्रपती भवनाकडून रोज प्रसिद्ध होणाऱ्या माहितीतही भेटीगाठी आणि समारंभच दिसतात. मग राष्ट्रप्रमुख दिवसभर नेमके करतात काय, हा दिवस आखतो कोण, त्यात त्यांच्या स्वतःच्या इच्छेला किती जागा असते आणि एखाद्या संस्थेला त्यांना बोलवायचे असेल तर काय करावे लागते. माझ्या नोकरीचा बराच काळ गोव्यात राजशिष्टाचाराच्या कामात गेला, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मी दौऱ्याच्या व्यवस्थेच्या अंगाने अधिक आणि पुस्तकाच्या अंगाने कमी देणार आहे.

जाहीर झालेल्या कार्यक्रमपत्रिकेत राष्ट्रप्रमुखाच्या दिवसाचा फक्त तेवढाच भाग येतो, ज्याला दुसऱ्या कोणाची तरी हजेरी लागते. एकट्याने टेबलापाशी बसून केलेले काम तिच्यात कधीच नसते. शिवाय जे छापले जाते त्यातली एक ओळ राज्यघटनेतल्या कलमामुळे आलेली असते, दुसरी वर्षानुवर्षांच्या प्रघातामुळे, तिसरी कोणाच्या तरी निमंत्रणामुळे आणि एखादीच त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आग्रहामुळे. कोणती ओळ कुठून आली हे ओळखता येऊ लागले की कंटाळवाणी वाटणारी ती यादी बरेच काही सांगू लागते.

त्याआधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. अमेरिकेचे अध्यक्ष राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख अशा दोन्ही भूमिकांत असतात, त्यामुळे त्यांच्या दिवसात मंत्र्यांच्या बैठका, सुरक्षा यंत्रणांचे अहवाल आणि राजकीय वाटाघाटी हे सारे एकत्र येते. आपल्याकडे तसा दिवस पंतप्रधानांचा असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स परिषद भरली तेव्हा रशिया, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या चारही देशांचे राष्ट्राध्यक्ष आले होते आणि यजमानाच्या खुर्चीवर होते ते भारताचे पंतप्रधान. घटनेच्या ५३ व्या कलमाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली असली, तरी ७४ व्या कलमानुसार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायची असते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पण पुन्हा आला की मानावा लागतो. राज्यात हेच स्थान राज्यपालांचे असते. त्यामुळे दोनापावलच्या काबो टोकावरील राजभवनाचा (आता त्याचे नाव लोकभवन झाले आहे) दिवस आणि दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाचा दिवस यांची घडण सारखीच असते, फरक आकाराचा असतो.

आता न दिसणाऱ्या भागाकडे येतो. संसदेने मंजूर केलेली विधेयके १११ व्या कलमाखाली संमतीसाठी येतात, अधिवेशन चालू नसताना १२३ व्या कलमाखालचे अध्यादेश येतात, न्यायाधीश, राज्यपाल आणि घटनात्मक पदांवरील व्यक्तींच्या नेमणुकांचे कागद येतात आणि ७२ व्या कलमाखालचे दयेचे अर्ज येतात. यातला दयेचा अर्ज ही सर्वांत जड फाईल. तिच्यात न्यायालयांचे निकाल, गृह मंत्रालयाची शिफारस आणि मागे असलेल्या कुटुंबाचे अर्ज असे सगळे असते, आणि ती वाचण्यात गेलेली संध्याकाळ कोणत्याही यादीत ‘कार्यक्रम नाही’ अशीच दिसते. फाईल दौऱ्यावरही पाठ सोडत नाही. हिवाळ्यात राष्ट्रपती हैदराबादजवळच्या बोलारम येथील राष्ट्रपती निलयममध्ये मुक्कामाला जातात तेव्हा लोकांना ती विश्रांती वाटते, पण सचिवालयाचा एक भाग सोबत गेलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मे २००५ मधले आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम रशियाच्या दौऱ्यावर होते आणि जाहीर कार्यक्रमात मॉस्कोतल्या गाठीभेटी होत्या. दिल्लीत मंत्रिमंडळाची बैठक रात्री उशिरा झाली, बिहार विधानसभा विसर्जित करण्याचे कागद फॅक्सने मॉस्कोला गेले आणि कलामांनी रात्रीच त्यांवर सही केली. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले आणि सविस्तर निकाल जानेवारी २००६ मध्ये दिला. त्या दौऱ्यातले सर्वांत मोठे परिणाम घडवणारे काम छापील कार्यक्रमात कुठेच नव्हते. गोव्याचे वाचक याला फारसे दचकणार नाहीत. १७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर यांचे निधन झाले, १८ च्या संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार झाले आणि १९ च्या पहाटे दोनच्या सुमारास राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी दोनापावलच्या राजभवनात प्रमोद सावंत यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. असा शपथविधी आठवडाभर आधी आखलेल्या वेळापत्रकात कधीही सापडत नाही, मात्र त्यासाठी कर्मचारी, राष्ट्रगीताची व्यवस्था, शपथेचा मसुदा आणि सहीचे रजिस्टर तयार असावे लागते. राजभवनातल्या अनुभवी माणसांना निवडणुकीच्या निकालानंतरचे दिवस ‘मोकळे’ म्हणून कधीच गृहीत धरता येत नाहीत, आणि आपल्या राज्यात तर निकालाच्या वर्षापुरतेही थांबता येत नाही.

दिसणाऱ्या भागातल्या बऱ्याच तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच पक्क्या असतात. २५ जानेवारी आणि १४ ऑगस्टच्या संध्याकाळी राष्ट्राला उद्देशून भाषण, २६ जानेवारीचे संचलन, २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट, वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी ८७ व्या कलमानुसार संसदेपुढे अभिभाषण, पद्म आणि शौर्य पुरस्कारांचे समारंभ. नव्या राजदूतांनी अधिकारपत्रे सादर करण्याचा छोटा समारंभ वर्षभर अधूनमधून होत असतो. एका राष्ट्रप्रमुखाचे पत्र दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाच्या हाती देण्याची ती औपचारिकता असल्यामुळे ती पंतप्रधानांकडे होऊ शकत नाही. अभिभाषण आणि इतर भाषणे यांत मात्र भेद करावा. अभिभाषणातले धोरण सरकारचे असते, मंत्रिमंडळ ते मंजूर करते आणि राष्ट्रपती किंवा राज्यपाल ते वाचतात. त्यातल्या वाक्यांवरून त्या व्यक्तीचा कल शोधणारे लेख दरवर्षी येतात आणि ते वाया गेलेले श्रम असतात. दीक्षान्त भाषण किंवा एखाद्या संस्थेतले भाषण राष्ट्रपतींच्या स्वतःच्या सचिवालयात आकाराला येते. राज्याकडून आम्ही फक्त माहितीची टिपणे पाठवतो. कल शोधायचा तर तिथे शोधावा.

गोव्याच्या राज्यपालांच्या वर्षाला स्थानिक रंग आहे. १८ जून रोजी गोव्याच्या क्रांतिदिनी पणजीच्या आझाद मैदानावरील आदरांजली, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, ३० मेचा घटकराज्य दिन आणि नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या तारखांभोवती बाकीचे सगळे बसवावे लागते. १५ ऑगस्ट तर अगदीच वेगळा दिवस. ध्वजारोहण मुख्यमंत्री करतात, कारण १९७४ पासून स्वातंत्र्यदिनी मुख्यमंत्र्यांनी आणि प्रजासत्ताकदिनी राज्यपालांनी ध्वजवंदन करावे असा देशभर प्रघात आहे. राजभवनाच्या आवारातल्या जुन्या चॅपेलचे फेस्तही त्याच दिवशी येते, आणि संध्याकाळी राज्यपालांचे स्वागतसंमेलन असते. राष्ट्रीय सण आणि गावचे फेस्त एकाच दिवसाच्या कार्यक्रमात बसवणारे हे राजभवन आहे.

आता प्रत्यक्ष दौऱ्याकडे. राष्ट्रपती गोव्यात का आल्या हे पाहिले की त्या कोणत्या नात्याने आल्या ते कळते. ७ जुलै २०१८ रोजी रामनाथ कोविंद आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी द्रौपदी मुर्मू गोवा विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला आले. गोवा विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असल्यामुळे त्याचे कुलपती राज्यपाल असतात. राष्ट्रपती तिथे निमंत्रित असतात. आयआयटी किंवा एनआयटीच्या बाबतीत राष्ट्रपती कायद्यानेच त्या संस्थेचे ‘व्हिजिटर’ असतात, म्हणून तिथल्या समारंभाची पायरी निराळी. डिसेंबर २०२० मध्ये कोविंद आले ते मुक्तीच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी, म्हणजे देशाचे प्रतीक म्हणून. ६ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांनी दाबोळीच्या आयएनएस हंसावर नौदलाच्या हवाई शाखेला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान केले, ते सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख या नात्याने. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी मुर्मू यांनी गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आयएनएस विक्रांतवरून नौदलाची प्रात्यक्षिके पाहिली, आणि त्या दिवसाच्या समुद्रावरच्या कार्यक्रमात राज्याच्या यंत्रणेला विमानतळावरचे स्वागत आणि निरोप सोडला तर फारसे काम नव्हते. २७ डिसेंबर २०२५ रोजी त्या गोव्यात उतरल्या, पण दुसऱ्या दिवशीचा मुख्य कार्यक्रम कारवार बंदरातून आयएनएस वाघशीर या पाणबुडीतून केलेल्या सफरीचा होता; तिथे गोव्याच्या वाट्याला मुक्काम आला.

२०२३ चा ऑगस्टमधला दौरा विद्यार्थ्यांनी नमुना म्हणून अभ्यासावा. २२ ते २४ ऑगस्ट असा तो होता. राजभवनातल्या नागरी सत्काराच्या वेळी वनहक्क कायद्याखालच्या सनदांचे वाटप झाले, दुसऱ्या दिवशी दीक्षान्त समारंभ झाला आणि पर्वरीला विधानसभेच्या सदस्यांपुढे भाषण झाले. यातला सत्कार हा शिष्टाचाराचा भाग, दीक्षान्त समारंभ निमंत्रणाचा, विधानसभेतले भाषण घटनात्मक प्रतिष्ठेचे. सनदांचे वाटप मात्र स्वतः आदिवासी समाजातून आलेल्या राष्ट्रपतींच्या दौऱ्यात यावे, यामागे राज्य सरकारची सोय आणि पाहुण्यांचा कल हे दोन्ही असतात, असे मी अनुभवाने म्हणेन. राज्ये पाहुण्यांचा कल ओळखून प्रस्ताव पाठवतात.

दौऱ्याची तत्त्वतः संमती आली की दिल्लीहून पथक येते. समारंभ, दौरे आणि मानवंदना यांचा भार राष्ट्रपतींच्या लष्करी सचिवांच्या कार्यालयावर असतो, बातम्यांचा माध्यम विभागावर आणि भाषणे व भेटी यांचा सचिवालयावर. सुरक्षेची आगाऊ पाहणी, जिला आम्ही सगळे ‘एएसएल’ म्हणतो, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘ब्लू बुक’मधल्या सूचनांनुसार होते. राज्य सरकार एका मंत्र्याची ‘मिनिस्टर-इन-वेटिंग’ म्हणून, म्हणजे दौऱ्यात पाहुण्यांच्या दिमतीला, नेमणूक करते. मग सुरू होते ते ‘मिनिट-टू-मिनिट’, म्हणजे मिनिटामिनिटाचे कार्यक्रमपत्रक. हा दस्तऐवज बाहेरच्या माणसाला विनोदी वाटतो, कारण त्यात गाडीतून उतरणे, मंचापर्यंत चालणे आणि आसनस्थ होणे यांनाही स्वतंत्र ओळी असतात. राष्ट्रगीताची पूर्ण आवृत्ती सुमारे ५२ सेकंदांची असते आणि सरकारी समारंभात राष्ट्रपतींच्या आगमनाला व प्रस्थानाला ती वाजते, म्हणजे जवळपास दोन मिनिटे तिथेच गेली. समई, पुष्पगुच्छ, शाल, स्मृतिचिन्ह, स्वागतपर भाषण, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मग राष्ट्रपती, असा तासाभराचा कार्यक्रम आखला तर मुख्य भाषणाला वीस मिनिटेसुद्धा जेमतेम उरतात. म्हणून आमचा पहिला आग्रह असे की सत्कारांची संख्या कमी करा. तो बहुधा मानला जात नसे, कारण पाहुण्यांसोबत छायाचित्र हवे असणाऱ्यांची यादी खात्यागणिक वाढत जाते.

मंचावर कोण कुठे बसेल हे राष्ट्रपती सचिवालयाने प्रसिद्ध केलेल्या अग्रक्रमाच्या तक्त्यावरून ठरते. त्यात राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे आणि आपापल्या राज्यात मुख्यमंत्री सातव्या क्रमांकावर. हा तक्ता समारंभांसाठी आहे, रोजच्या सरकारी कामासाठी नाही, ही तळटीप लोक विसरतात. वाद होतात ते पहिल्या सात क्रमांकांवरून क्वचितच. ते होतात खालच्या ओळींत, आमदार, महापौर आणि संस्थेचे विश्वस्त यांच्यात, आणि त्यांचा निकाल आदल्या रात्री लावावा लागतो.

गोव्यात रस्ता हाही कार्यक्रमाचा भाग असतो. दोनापावलच्या टोकावरून समोर मुरगाव स्वच्छ दिसते, पण दाबोळीला उतरलेल्या पाहुण्यांना राजभवनात आणायचे म्हणजे कुठ्ठाळीला जुवारीचा पूल ओलांडून आगशी, पिलार, बांबोळी असा वळसा घालावा लागतो. जुना पूल एकटा होता तेव्हा वाहतूक किती वेळ अडवायची हा पेच होता. नवीन पूल खुला झाल्यावर तो सैल झाला. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय वाटेवर असल्याने आपत्कालीन योजनेची ती बाजू सोपी जाते. मोपा सुरू झाल्यापासून दोन विमानतळांचा पर्याय आहे, तरी नौदलाचा तळ दाबोळीला असल्यामुळे लष्करी समारंभ तिथेच राहतात. ऑगस्टात पाऊस गृहीत धरूनच आखणी करावी लागते: मैदानातला प्रत्येक कार्यक्रम सभागृहातही आखून ठेवायचा, हेलिकॉप्टरने जायचे तर रस्त्याचा पर्याय तयार ठेवायचा आणि मानवंदनेच्या जागी छत किती पुढे येते ते मोजायचे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताफा जायच्या कितीतरी आधी वाहने अडवणे आणि शाळेच्या मुलांना उन्हात उभे करणे हे अनेकदा नियमांपेक्षा स्थानिक अतिउत्साहामुळे होते. मिनिट-टू-मिनिट नीट बांधले असेल तर रस्ता थोडाच वेळ बंद ठेवावा लागतो.

हा दस्तऐवज आधी जाहीर का करत नाहीत, असेही विचारले जाते. सुरक्षा हे कारण आहेच, पण दोन ओळींमधली मोकळी जागा हेही एक कारण आहे. चांगल्या आखणीत ‘राखीव’ म्हणून ठेवलेली पाऊण किंवा एक तासाची जागा असते आणि ती बाहेर कळली की लगेच कोणीतरी तिच्यावर हक्क सांगतो. त्या वेळात औषध, फाईल, घरचा फोन, भाषणावर शेवटचा हात किंवा नुसती झोप असू शकते. पासष्टीच्या घरातल्या माणसाकडून आपण तीन दिवसांत आठ समारंभांची अपेक्षा करतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्वतःच्या इच्छेला जागा किती, याचे उत्तर राष्ट्रपतींपेक्षा राज्यपालांच्या दिवसात स्पष्ट दिसते. २०२१ ते २०२५ या काळात गोव्याचे राज्यपाल असलेल्या पी. एस. श्रीधरन पिल्लई यांनी ‘गोवा संपूर्ण यात्रा’ म्हणून गावोगावचे दौरे केले आणि डायलिसिस व कर्करोगाच्या रुग्णांना राजभवनातर्फे आर्थिक मदत देण्याचे कार्यक्रम घेतले. घटनेतले कोणतेही कलम राज्यपालांना हे करायला सांगत नाही, आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचाही त्यात प्रश्न नसतो. दिल्लीत कलामांच्या विद्यार्थ्यांबरोबरच्या भेटी याच प्रकारच्या होत्या. राज्यप्रमुखाची स्वतःची छाप ज्या ओळींत असते त्या अशा: कायद्याने न सांगितलेल्या, पण वारंवार येणाऱ्या. एकदाच आलेली ओळ निमंत्रकाची असते. चौथ्यांदा आलेली ओळ त्या व्यक्तीची समजावी.

भेटीगाठींच्या यादीबद्दल पत्रकारितेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना. मुख्यमंत्री राज्यपालांना भेटले की पणजीत तर्कवितर्क सुरू होतात. पण १६७ व्या कलमानुसार राज्यकारभाराची माहिती राज्यपालांना देणे हे मुख्यमंत्र्यांचे कर्तव्य आहे, जसे ७८ व्या कलमानुसार पंतप्रधानांचे राष्ट्रपतींप्रति आहे. परदेश दौऱ्यावरून आल्यावर, अधिवेशनाआधी किंवा सणाला होणारी भेट नेहमीची असते. बातमी असते ती सहकाऱ्यांसह घेतलेल्या किंवा आमदारांची यादी घेऊन केलेल्या भेटीत, आणि बऱ्याचदा, अपेक्षित असूनही न झालेल्या भेटीत.

निमंत्रणाचे थोडक्यात सांगतो. राष्ट्रपतींना बोलवायचे असेल तर राष्ट्रपती सचिवालयाला आणि राज्यपालांना बोलवायचे असेल तर लोकभवन (पूर्वीचे राजभवन) सचिवालयाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यावे. त्यात संस्थेचा इतिहास, कार्यक्रमाचे कारण, मंचावर कोण असतील आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहावे. एकच तारीख देण्यापेक्षा महिन्यांचा अंदाज द्यावा, कारण राष्ट्रपती एका कार्यक्रमासाठी राज्यात सहसा येत नाहीत. त्याच दौऱ्यात बसणारी दुसरी दोन-तीन कामे जुळली तरच तुमच्या पत्राला गती येते, आणि गोव्यासाठी विद्यापीठ किंवा नौदल यांच्या तारखांशी जुळवून घेतलेले बरे. पत्राची प्रत राज्याच्या राजशिष्टाचार शाखेला द्यावी, कारण दिल्ली शेवटी राज्याचे मत मागवतेच. आमदारामार्फत किंवा ओळखीने तोंडी शब्द टाकल्याने पत्र वर येते असे मी फारसे पाहिलेले नाही. लेखी संमती येईपर्यंत निमंत्रणपत्रिका छापू नये, आणि संमती आल्यावरही तिचा मसुदा, नावांचा क्रम आणि राष्ट्रगीताची जागा तपासायला पाठवून मगच छापखान्यात द्यावी.